भित्रं यंत्र

गल्लीत कुणालाही विचारा, धूरकाकाचं खरं नाव आठवायला त्याला डोकं खाजवावं लागेल. बायकोला ठाऊक असणार, पण ती बापडी ‘अहो’च्या पलीकडे कधी गेली नाही. बाकी सगळ्यांना तो धूरकाका. का, ते त्याच्या शर्टाचा वास घेतला की कळायचं. अंगाला डिझेल, नखांत काजळी, आणि डावा कान कामातून गेलेला. कान गेल्यामुळे हा माणूस कुजबुजला तरी तीन दुकानं सोडून ऐकू जायचं. बायकोशी त्याचं भांडण झालं की न्हाव्याच्या दुकानातली गिऱ्हाइकं आपापसात निकाल लावायची.

आता सांगायची आहे ती गोष्ट त्या दिवसाची, जेव्हा त्याचा सख्खा जावई विजेच्या खांबावर होता आणि खाली सासऱ्याने करू नये ते केलं. पण तिथवर जायचं तर आधी माणूस कळायला हवा.

गल्लीच्या टोकाला पत्र्याची खोली, आणि खोलीभर त्याचं जनरेटर. तिथून निघालेल्या वायरी सगळ्यांच्या डोक्यावरून दुकानादुकानात गेलेल्या. लाईट गेली रे गेली की त्याचा रुबाब बघावा! न्हावी अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक खुर्चीत सोडून दारात यायचा. “काका, लवकर!”

“आलो रे आलो. अर्धी दाढी घेऊन कुठे पळून जातोय तो?”

मग खोलीतून धडधड सुरू व्हायची, गल्लीभर काळा धूर पसरायचा आणि दिवे लागायचे. लोक खोकायचे आणि आशीर्वादही द्यायचे. माणसाला आणखी काय पाहिजे असतं हो? आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं, एवढं कळलं की तो खूश.

एक गोष्ट आत्ताच नीट समजून घ्या, कारण पुढे सगळं तिच्यावरच आहे. प्रत्येक दुकानाच्या भिंतीवर, खांद्याच्या उंचीवर, धूरकाकाने एक खटका बसवलेला होता. चेंजओव्हर म्हणतात त्याला. दांडा वर असला की कंपनीची लाईट, खाली ओढला की जनरेटरची. दोन्ही एकदम कधीच नाही. तो दांडा होता म्हणून जनरेटरची वीज दुकानातच राहायची, उलट्या पावलांनी बाहेर रस्त्यावरच्या तारांत जायची नाही. वर्षानुवर्षं धूरकाका दुकानात शिरायचा, गप्पा मारता मारता हात पुढे करायचा आणि न बघता दांडा ओढायचा. आपण आपल्या घराची कडी काढताना कुठे बघतो?

त्याला एकच लेक. ती त्या पत्र्याच्या खोलीतच वाढली. इतर पोरी बाहुल्या खेळत होत्या तेव्हा ही स्पॅनर साफ करायची. पुढे विजेचं रीतसर शिक्षण घेतलं, परवाना काढला, तेव्हा बापाने गल्लीभर पेढ्यांऐवजी आरडाओरडा वाटला. “माझी लेक वायरिंगची साहेब झाली!” आणि साहेबीणबाईंनी पहिलं काम काय घेतलं? शिंप्याच्या छतावर सोलरचे पॅनल बसवायचं!

धूरकाका हसला. म्हणाला, “आरसे लावलेत. पारवे भांग पाडतील.”

हसू फार टिकलं नाही. शिंप्याची इस्त्री दिवसभर उन्हावर चालायला लागली आणि विजेचं बिल उघडताना त्याची छाती धडधडेनाशी झाली. तो येईल त्या गिऱ्हाइकाला माप घेता घेता हेच सांगायचा. ते ऐकून दातांच्या डॉक्टरीणबाईंनी पॅनल बसवले. मग वरच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिकेने घरापुरते चार बसवले. दुपारी तिला लागत नाही ती वीज तारेतून कंपनीकडे जायची आणि तिचं बिल तेवढं खाली यायचं. “मी वीज विकते,” असं ती भाजीवाल्याला मान ताठ करून सांगायची. ज्यांची पॅनलबरोबर बॅटरीही होती, त्यांचे दिवे लाईट गेली तरी चालू राहायचे आणि तेही आवाज न करता. धूरकाकाच्या वायरी एकेक करून गुंडाळल्या गेल्या. गल्लीत शांतता वाढत चालली. इतकी, की डॉक्टरीणबाईंच्या पेशंटच्या किंकाळ्या रस्त्यावर ऐकू यायला लागल्या.

धूरकाका गप्प गिळत होता. पण बेकरीवालीने लेकीला बोलावलं तेव्हा त्याचा तोल गेला. बेकरी हे त्याचं पहिलं गिऱ्हाईक. पीठ मळायचं यंत्र, भट्टीचा पंखा, सगळं त्याच्या जनरेटरवर मोठं झालेलं. तिथे लेक शिडी लावून चढली आणि बापाने घरात येऊन जाहीर केलं, “पोटच्या पोरीने पोटावर पाय दिला. आजपासून मी तिच्याशी बोलणार नाही.”

आणि खरंच बोलेना. लेक-जावई राहायचे मागच्याच बोळात, संध्याकाळी जेवायला यायचे. शेजारी बसून हा बायकोला म्हणायचा, “तुझ्या लेकीला सांग, पाण्याचा तांब्या इकडे कर.” लेक तांब्या पुढे सरकवायची. “तिला सांग, भरला.” बायको कपाळावर हात मारून घ्यायची. “माझं काय टपाल केलंय का दोघांनी?”

जावई तेवढा मध्ये हसायचा. तो वीज कंपनीत लाईनमन. खांबावर चढून तारा जोडणं हा त्याचा धंदा. पोरगा गुणी, पण सासऱ्याच्या मते घाबरट. कारण त्याची एक सवय होती. खांबावर चढला की हात लावायच्या आधी लांब काठीने तो तारांवर जाड साखळी टाकायचा. साखळीचं दुसरं टोक जमिनीत गेलेलं. चुकून कुठून वीज आलीच तर ती साखळीतून जमिनीत जावी, अंगातून जाऊ नये, यासाठी. नियमच आहे तो. पण घाईत बाकीचे टाळतात, हा कधी टाळायचा नाही. एका खांबावरून उतरून दुसऱ्यावर चढला की पुन्हा साखळी. धूरकाका म्हणायचा, “जावईबापू, तारेला किती दागिने घालाल? बंद केलेल्या तारेला कसलं भ्यायचं?”

“मामा, बंद केलेली मी केली. चालू कोण करेल ते मला काय माहीत?” जावई म्हणायचा आणि भात कालवायचा.

बेकरीच्या पॅनलमध्येही धूरकाकाला एक खुसपट सापडलं. बेकरीवालीने बॅटरीचं काम पुढच्यावर ढकललं होतं. म्हणून लाईट गेली की भिंतीवरच्या सोलरच्या पेटीवर हिरव्याऐवजी लाल दिवा लागायचा आणि सगळं बंद. छतावर रणरणतं ऊन, आणि खाली यंत्रं ठप्प! धूरकाकाला उकळ्या फुटल्या. “भित्रं यंत्र! लाईट गेली की हेही पांघरूण घेऊन झोपतं. बनवणाऱ्यानेही काय बनवलंय!”

त्यावर लेक आईला म्हणाली, पण बापाच्या चांगल्या कानाच्या बाजूला बसून, “आई, ते मुद्दाम बंद होतं. लाईट गेलेली असताना छतावरची वीज बाहेरच्या तारेत गेली आणि तिथे कुणी काम करत असला तर? तारेवर माणूस असतो, आई. तुझा जावईच असतो.”

धूरकाकाने रेडिओ मोठा केला.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. उंबऱ्यातच उभी राहिली. “बाबा, एक ऐका. बेकरीतला तुमचा चेंजओव्हर मी काढलाय. त्याच जागी आता...” रेडिओ आणखी मोठा झाला. तिचे ओठ हलताना दिसत होते, बातम्यांचा आवाज येत होता. थोडा वेळ ती थांबली, मग गेली. बायको स्वयंपाकघरातून ओरडली, “अहो, पोर काहीतरी सांगत होती!” हा म्हणाला, “ऐकलं सगळं.” काय ऐकलं होतं, कपाळ!

आता तो दिवस.

कंपनीने आदल्या दिवशीच कळवलं होतं की तारा बदलायच्या आहेत, सकाळी लाईट जाईल, जेवणाआधी येईल. जेवायची वेळ टळली तरी लाईट नाही. जावई गल्लीतला एक खांब उरकून कोपऱ्यावरच्या दुसऱ्या खांबाकडे निघालेला. धूरकाकाने त्याला शिडी खांद्यावर घेऊन जाताना पाहिलं, हातही केला. जनरेटर चालूच होतं, राहिलेल्या चार-पाच दुकानांसाठी. जावई खांबावर आहे हे सासऱ्याला माहीत होतं, बरं का. नंतर पुष्कळांनी त्याच्या बाजूने सांगून पाहिलं की काकांना कल्पना नव्हती. कल्पना होती. पण त्याच्या डोक्यात खांबावरच्या तारा आणि आपलं जनरेटर या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. मध्ये तो दांडा होता ना!

बेकरीवाली धावत आली. हात कोपरापर्यंत पिठाने भरलेले.

“काका, माझं वाटोळं झालं. सरकारी दवाखान्याचे पाव आहेत. पीठ फुगून परातीबाहेर आलंय, भट्टीचा पंखा बंद, आणखी उशीर झाला तर सगळं आंबून फेकावं लागेल. छतावर एवढं ऊन, आणि ती पेटी लाल दिवा दाखवत बसलीय!”

धूरकाकाच्या चेहऱ्यावर काय समाधान पसरलं म्हणून सांगू! पण लगेच ‘हो’ म्हणेल तर तो धूरकाका कसला.

“बोलवा की आमच्या साहेबीणबाईंना.”

“ती डॉक्टरीणबाईंच्या गच्चीवर आहे. विचारलं. म्हणाली, लाईट येईपर्यंत काही करता येणार नाही, कशालाही हात लावू नका. काका, तुमची वायर अजून माझ्या भिंतीला लटकलीय. जोडा ना, हात जोडते.”

कशालाही हात लावू नका. हे वाक्य त्याने ऐकलं, चांगल्या कानाने ऐकलं. आणि ऐकल्यामुळेच उठला. लेकीला जे जमत नाही ते बापाला जमतं, हे भर बाजारात दिसायला नको?

बेकरीत भट्टीची धग आणि पिठाचा धुरळा. बोर्ड त्याच्या ओळखीचा. खिळ्याला त्याच्या वायरचं गुंडाळं, खाली तीच डबी, जिच्यात त्याने आयुष्यभर ती वायर जोडली. स्क्रू आवळले, आपल्या पद्धतीने वर लाल पट्टी गुंडाळली आणि दोऱ्याची गाठ मारली. ही गाठ त्याची सही होती. गल्लीत दुसरं कुणी अशी मारत नसे. डबी जुनीच होती, पण तिच्यातून वर काय जातं ते लेकीने बदललं होतं. आता ती थेट कंपनीच्या तारेशी जोडलेली होती. आणि चेंजओव्हरच्या जागी, भिंतीत भोकं आयती होती म्हणून, तिने तसाच दिसणारा एक दांडा बसवला होता. तो फक्त पॅनल चालू-बंद करायचा. त्याखाली ‘फक्त सोलर’ अशी चिठ्ठीही चिकटवली होती. पण बेकरीतली चिठ्ठी ती. चार दिवसांत पिठाने पांढरी होऊन भिंतीत मिसळून गेली.

“कितीचे पाव आहेत?” असं विचारता विचारता धूरकाकाने हात पुढे केला आणि न बघता दांडा खाली ओढला.

मग तो डुलत डुलत पत्र्याच्या खोलीत गेला, बेकरीचं बटण लावलं. जनरेटरने आवाज बदलला, जरा जास्तच खोल गेला. एरवी त्याच्या छातीत लगेच कळलं असतं की हा बेकरीपेक्षा जास्त भार आहे. पण त्या क्षणी त्याची छाती दुसऱ्याच कारणाने भरलेली होती. तो परत बेकरीत आला तेव्हा पंखा फिरत होता, भट्टी लालबुंद, बेकरीवाली पिठाचे हात जोडून म्हणत होती, “काका, तुम्ही होता म्हणून!”

“सोलर म्हणे सोलर,” धूरकाका म्हणाला आणि दारात येऊन उभा राहिला. सगळ्यांना दिसावं म्हणून.

समोर घड्याळवाल्याचं दुकान. हा घड्याळवाला पहिल्या नंबरचा चिक्कू. धूरकाकाची वायर त्याने जन्मात घेतली नाही. लाईट गेली की दारात खुर्ची टाकून उजेडात घड्याळं उघडायचा. सोलरही नाही, बॅटरीही नाही.

त्याच्या टेबलावरचा दिवा पेटला होता.

घड्याळवाला टाळ्या वाजवत बाहेर आला. “आली रे, लाईट आली!” वरच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं, “आली!” पुढच्या दुकानातला रेडिओ मधूनच गायला लागला. गल्ली खूश झाली. धूरकाकाही हसला, अर्धा. आणि मग ते हसू तोंडावरच गोठलं.

कारण बेकरीतल्या सोलरच्या पेटीवरचा दिवा अजून लालच होता. आलेल्या विजेची खात्री पटल्याशिवाय ती पेटी हिरवी होत नाही, आणि या विजेवर तिचा अजून विश्वास बसला नव्हता. आणि कोपऱ्यावरच्या खांबाला अजून शिडी लावलेली होती.

लाईट आलेली नव्हती. ती त्याची होती. त्याच्या पत्र्याच्या खोलीतून निघून, बेकरीतून, रस्त्यावरच्या तारांत शिरली होती आणि त्या तारा कोपऱ्यावर, खांबावर, जावयाच्या हातापाशी जात होत्या.

तो आत झेपावला, दांडा वर फेकला. वळून बघितलं. समोरचा दिवा तसाच! पुन्हा खाली, पुन्हा वर. दिवा तसाच! हा दांडा त्याचा नव्हताच. त्याने तळहाताने भिंत पुसली आणि पिठाखालून लेकीची अक्षरं वर आली. उंबऱ्यातले तिचे हलणारे ओठ डोळ्यांसमोर आले, आणि वर तो मेला रेडिओ. “अगं माझ्या बाई,” तो म्हणाला, का ओरडला, ते त्यालाही माहीत नाही. पिठाचं फडकं हाताला गुंडाळून त्याने वायर उपटायला हात घातला.

तेवढ्यात कोपऱ्यावरून असा आवाज झाला की डाव्या कानालाही ऐकू गेला.

समोरचा दिवा विझला. पत्र्याच्या खोलीत जनरेटर गुदमरलं, दोन उचक्या देऊन बंद पडलं. एवढ्या वर्षांत धूरकाकाला शांततेची इतकी भीती कधी वाटली नव्हती.

तो धावला. गुडघे दुखतात म्हणून रोज बायकोला हाका मारणारा माणूस बेकरीपासून कोपऱ्यापर्यंत न थांबता धावला. खांबाखाली माणसं जमत होती. वर जावई कमरेच्या पट्ट्यावर लोंबकळत होता, मान खाली, दोन्ही हात सुटलेले.

“बापू!” धूरकाका खालून ओरडला. “अरे बापू! माझ्या लेकरा!”

काही हललं नाही. कुणीतरी म्हणालं, “गेला बहुतेक.” धूरकाकाने त्या माणसाची गचांडी धरली आणि मग सोडून दिली. लेक गच्चीवरून उतरून धावत आली, चप्पल एकाच पायात. शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवून वर बघत राहिली.

मग वरचा एक हात हलला. चाचपडत त्याने खांब पकडला.

“दिसत नाहीये काही,” वरून जावयाचा आवाज आला, चिरका, पण जिवंत. “थांबा. आवाज नका करू. उतरतो.”

तारेवर साखळी होती. काठीने त्याने ती नुकतीच टाकली होती, आणि टाकताक्षणी सगळी वीज तिच्यातून कडाडून जमिनीत गेली होती. हात अजून लावायचाच होता. त्याच्या भुवया जळल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली, कानात शिट्ट्या वाजत राहिल्या. एवढ्यावर निभावलं. एक साखळी. सासऱ्याने जिला दागिना म्हणून हिणवलं होतं ती.

लेकीने त्याला खाली बसवलं, पाणी पाजलं, दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. तोवर कंपनीचे साहेब मोटारसायकलवरून आले. आल्या आल्या गरजले, “कुणाकडून आला करंट?”

आणि घड्याळवाल्याने, ज्याला कुणी विचारलंही नव्हतं, बेकरीच्या छताकडे बोट केलं. “दुसरं काय असणार? ते सोलर! त्याच्याकडूनच आला.”

“तरी मी म्हणत होतो,” न्हावी म्हणाला. तो याआधी कधी काही म्हणाला नव्हता.

गर्दीला तेवढं पुरतं. सोलर, सोलर, सोलर. साहेबांनी लेकीकडे पाहिलं. “हे काम तुमचं ना बाई? नवऱ्याचा जीव गेला असता. परवाना जाईल तुमचा, माहीत आहे ना?”

ती उठली आणि बेकरीत गेली. सगळे तिच्यामागे दारापर्यंत. बेकरीवाली कोपऱ्यात पदर तोंडात धरून उभी. लेकीने पेटीवरचा लाल दिवा पाहिला. मग नजर खाली डबीवर गेली. लाल पट्टी, दोऱ्याची गाठ. लहानपणी पत्र्याच्या खोलीत बसून बापाने तिला जी शिकवली होती ती गाठ.

तिचा चेहरा धूरकाकाने पाहिला. राग असता तर परवडला असता. तिने स्क्रू सोडवले, वायर बाहेर काढली, ती मुठीत धरली आणि हात मागे घेतला.

“काय सापडलं?” साहेबांनी दारातून विचारलं.

ती बापाकडे बघत राहिली. ओठ हलले, आवाज आला नाही. या वेळी मध्ये रेडिओ नव्हता. ती आता काय बोलणार होती ते देव जाणे. आजवर तिने कुणाला सांगितलं नाही आणि कुणी विचारूही नये. कारण धूरकाकाने तिला बोलूच दिलं नाही.

“ती वायर माझी आहे,” तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा इतक्या हळू, की साहेबांना “काय?” असं विचारावं लागलं.

मग तो ओरडला. गल्लीच्या दोन्ही टोकांना ऐकू जाईल असा. “वायर माझी! जनरेटर माझं! तिने सांगितलं होतं हात लावू नका म्हणून. मी लावला. ते सोलर लाल दिवा लावून गप्प बसलं होतं, साहेब. शहाण्यासारखं बसलं होतं. मी नाही बसलो. माझ्या लेकीच्या कामाला नाव ठेवाल कुणी तर याद राखा!” आणि भर बाजारात, दवाखान्याच्या पावांसमोर, तो लहान मुलासारखा रडायला लागला.

साहेबांनी जनरेटरला सील ठोकलं. लेकीलाही सुनावलं, की जुन्या खटक्याच्या जागी तसाच खटका का लावलात, आणि ते तिने मान खाली घालून ऐकलं, कारण त्यात खोटं काही नव्हतं. परवाना राहिला. जावई सुट्टीवर गेला, भुवया येईपर्यंत शेजारची पोरं त्याला पाहून हसायची, तोही हसायचा. सासऱ्यावर तो एकदाच चिडला, आणि तेही धूरकाका रोज येऊन पाय धरायला लागला म्हणून.

लेक मात्र बोलेना. आता अबोला तिचा. “आई, त्यांना सांग, चहा घ्या.” आई बिचारी पुन्हा टपाल. धूरकाका चहा घ्यायचा, कप धुऊन ठेवायचा, निघून जायचा. तक्रार कुठल्या तोंडाने करणार?

पुढे एकदा पुन्हा तारांचं काम निघालं. त्या सकाळी धूरकाका सगळ्यांच्या आधी उठला. दुकानादुकानात जाऊन त्याने सांगितलं, “कुणी काही जोडू नका, आज वर माणूस आहे.” घड्याळवाल्याला दोनदा सांगितलं. मग उलटं खोकं टाकून कोपऱ्यावरच्या खांबाखाली बसला. वर जावई. काठी, साखळी, मग हात. धूरकाका मान वर करून बघत होता, तोंड उघडं पडलं होतं तरी मान खाली करत नव्हता.

बेकरीच्या बॅटऱ्या त्याच दिवशी आल्या होत्या. लेक छतावर होती, आता तिच्याकडे पॅनल लावून घेणाऱ्यांची रांग लागलेली. घड्याळवाल्यानेही विचारणा केली होती म्हणे, पण भाव करत होता. ती छताच्या कडेशी आली. खाली बघितलं. बेकरीवाली पावांच्या गाडीबरोबर गेलेली, बेकरीत दुसरं कुणी नव्हतं.

“बाबा!”

धूरकाका उभाच राहिला. आपल्यालाच का, म्हणून त्याने मागे वळून पाहिलं.

“आत जाऊन पेटीवरचा दिवा बघता का? कोणता लागलाय? कशाला हात लावू नका.”

तो गेला. दोन्ही हात पाठीमागे बांधून गेला, शाळेत शिक्षा झाल्यासारखा. पेटीवर पीठ बसलं होतं, तेही त्याने पुसलं नाही, फुंकर मारली. जवळ जाऊन बघितलं. बाहेर आला.

“लाल आहे!” त्याने वर ओरडून सांगितलं. “बंद आहे! बंदच आहे गं.” आणि मग जरा हळू म्हणाला, “भित्रं आहे बिचारं.”

लेकीने मनगटाने डोळे पुसले, हाताला काळं होतं ते गालाला लागलं.

“असू दे भित्रं,” ती म्हणाली.

खांबावरून जावयाने साखळी खुळखुळवली. “मामा, मी पण तसलाच आहे हां!”

“हो रे बाबा, तसलाच राहा,” धूरकाका म्हणाला. तो परत खोक्यावर जाऊन बसला, मान वर केली, आणि जावई खाली उतरेपर्यंत तिथून उठला नाही.